गहू सोडल्यावर काढलेलं रक्त

डॉक्टर ताई, नमस्कार.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकते. वजन १९ किलो, उंची ११८ सेंटिमीटर. वर्गातल्या मुली तिच्याहून डोकंभर उंच आहेत. दोन वर्षांपासून पोट फुगतं, संडास पातळ आणि घाण वासाची होते, सारखं तोंड येतं. हिमोग्लोबिन ८.२ आहे. लोहाचं औषध वर्षभर पाजलं, जंताच्या गोळ्या दिल्या, पण आकडा हलत नाही. माझी नणंद सुरतला असते. तिच्या शेजारच्या मुलाला गव्हाचा आजार निघाला, म्हणून ती म्हणाली, गहू बंद करून बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांजोऱ्या खाल्ल्या त्या शेवटच्या. पंधरा दिवसांत पोट बसलं, दोन महिन्यांत दीड किलो वजन वाढलं. मग मीच रक्त तपासून घेतलं. गव्हाच्या आजाराची टीटीजी-आयजीए नावाची तपासणी असते, ती ६.४ आली, रिपोर्टवर २० पर्यंत नॉर्मल लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, सिलिॲक, म्हणजे तो गव्हाचा आजार, नाही, सगळं खाऊ द्या. सासूबाई म्हणतात, "एक घास खाई लिधा ते काय व्हस?" श्रावणात कानबाई देवीचा सण आहे, तिच्या नैवेद्याचा गव्हाचा रोट तर घरातल्या प्रत्येकाने खायचाच. हे म्हणतात, गहू सोडून पोर सुधारली, आता रिपोर्ट काय करायचा? मी कोणाचं ऐकू? आणि धाकटा पाच वर्षांचा आहे, त्याचंही रक्त तपासायचं का?

एक आई

*

ताई,

आधी एक विचारते. रक्त काढलं तेव्हा पोरीने गहू सोडून दोन महिने झाले होते, हे डॉक्टरांना सांगितलं होतं का? पत्रावरून वाटतं, ते राहून गेलं असावं. त्यांना ठाऊक नसेल, तर ६.४ पाहून त्यांनी "सिलिॲक नाही" म्हणणं साहजिक आहे. पण या तपासणीचा सगळा अर्थ त्या एका गोष्टीवर अवलंबून असतो. रोज पोळी खाणाऱ्या मुलीचं ६.४ आणि दोन महिने पोळीला हात न लावलेल्या मुलीचं ६.४, दोन्ही कागदावर अगदी सारखे दिसतात. पहिल्या मुलीच्या बाबतीत मी आजार जवळजवळ बाद केला असता. दुसरीच्या बाबतीत मला काहीच ठरवता येत नाही.

म्हणून घरातल्या वादात मी आत्ता कोणाच्याच बाजूने कौल देत नाही. तिला सिलिॲक असू शकतो, नसूही शकतो. ते कळायला रक्त पुन्हा तपासावं लागेल, आणि बहुधा त्याआधी तिला काही आठवडे पुन्हा गहू खावा लागेल. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल. दोन वर्षांनी पोर जरा खुलली, आणि ही बाई म्हणते पुन्हा तेच खाऊ घाला. कारण सांगते, मग तुम्हीच ठरवा.

गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की ताणली जाते, पोळी लाटता येते, मांडा हातावर खेळवत खापराएवढा मोठा करता येतो, ते ग्लुटेनमुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. हे प्रथिन कोणाच्याच पोटात पुरतं पचत नाही. त्याचे काही लांब तुकडे तसेच लहान आतड्यात उतरतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. सिलिॲकच्या माणसात मात्र आतड्यातलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच टीटीजी नावाचं एन्झाइम त्या तुकड्यांचं रूप थोडं बदलतं, आणि बदललेला तुकडा शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रू वाटतो. मग ते तुकड्यावर तुटून पडतात आणि सोबत शरीराच्या स्वतःच्या टीटीजीविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात. या धुमश्चक्रीत आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झिजून सपाट होते. अन्नातलं सत्त्व शोषून घेते ती हीच लव. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि या आजाराचा मारही तिथेच सर्वांत जास्त. तोंडाने दिलेलं लोहाचं औषध महिनोन्‌महिने वाया जातं ते असं. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट पोटफुगी नाही, वर्षभर औषध देऊनही न हललेलं ८.२ आहे.

तुमच्या रिपोर्टमध्ये मोजली आहे ती टीटीजीविरुद्धची अँटिबॉडी. पोटात ग्लुटेन येत राहतं तोवर ती बनत राहते. ग्लुटेन थांबलं की आकडा महिन्यामहिन्याने उतरू लागतो. बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात नॉर्मल होतो, काहींना दोन वर्षंही लागतात. आता तुम्ही विचाराल, मग दोन महिन्यांत तो एवढा कसा उतरेल? प्रश्न रास्त आहे. ज्या मुलांचा आकडा मुळात खूप वर असतो, त्यांचा दोन महिन्यांत सहसा पूर्ण खाली येत नाही. त्यामुळे तिचा आकडा आधी फार मोठा असण्याची शक्यता कमी. पण ४० किंवा ५० असेल, तर तो आज नॉर्मल दिसू शकतो. आखाजीच्या आदल्या दिवशी हेच रक्त काढलं असतं तर आज तुमच्या घरात वाद उरला नसता. याचा दोष मी तुम्हाला देत नाही. गहू सोडण्याआधी रक्त द्या, हे सांगणारं कोणी त्या वेळी तुमच्याजवळ नव्हतं.

खान्देशात मला आणखी एक विचारावंसं वाटतं. आखाजीआधी तरी ती गहू किती खात होती? आपल्याकडे अनेक घरांत अजून दोन्ही वेळा भाकरी असते, ज्वारीची, बाजरीची, नाही तर कळण्याची, आणि पोळी पाहुणा आला की. तुमच्या घरी तसं असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. अँटिबॉडीची तपासणी करताना पाठ्यपुस्तक असं धरून चालतं की मूल रोज गहू खातंय.

आता तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याकडे येते. गहू सोडून पोर सुधारली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते मी हलक्यात घेत नाही. या आजाराचं गव्हाशी नातं मुळात असंच उमगलं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्याची ही पोटाची आजारी मुलं उलट बरी दिसू लागली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. पण डिकेच्या हातात रक्ताची तपासणी नव्हती. टीटीजी हेच या अँटिबॉडीचं लक्ष्य आहे, हे जर्मनीत सापडलं ते १९९७ मध्ये. आपल्याला ती तपासणी मिळते, म्हणून फक्त नजरेच्या अंदाजावर राहू नये.

कारण गहू सोडून पोट बसण्याची दुसरीही कारणं असतात. गव्हात फ्रुक्टन नावाचं एक कर्बोदक असतं. काहींना ते नीट सोसत नाही आणि पोटात वायू धरतो. आतड्याला त्याची इजा होत नाही. शिवाय गहू बंद म्हणजे बिस्किटं, टोस्ट, नूडल्स, शाळेच्या दारातला समोसाही बंद. तेवढ्यानेही पोराचं पोट सुधारतं. गव्हाची ॲलर्जी हा अगदीच वेगळा प्रकार. तिथे गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासाला त्रास होतो. तुमच्या मुलीला असं कधीही झालं असेल, तर पुढे मी जे गहू सुरू करण्याचं लिहिते आहे ते घरी मुळीच करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून तसं दिसत नाही, पण विचारणं माझं काम आहे.

आणि यातला फरक कळायलाच हवा, कारण सिलिॲक ठरला तर गहू जन्मभर बंद. "सणावाराला थोडा" असं त्यात चालत नाही. थोड्याशा गव्हानेही आत पुन्हा तीच लढाई सुरू होते, वरून पोट दुखत नसलं तरी. उंची अडकते, हाडं ठिसूळ होतात, पाळी उशिरा येते. सिलिॲक नसेल, तर एका नऊ वर्षांच्या मुलीवर शाळेत, लग्नघरात, पुढे होस्टेलवर आणि सासरी जन्मभर नको ती बंधनं पडतील, आणि अशक्तपणाचं खरं कारण मात्र तसंच दडून राहील. दोन्हीकडे किंमत मोठी आहे. म्हणून सहा आठवड्यांचा त्रास मला पटतो.

गहू सुरू करण्याआधी काही तपासण्या आत्ताच उरकून घ्या. त्यांना गव्हाची गरज नाही, उपाशीपोटी जायचीही गरज नाही.

पहिली, टोटल आयजीए. तुमच्या रिपोर्टमध्ये ती दिसत नाही. टीटीजीची अँटिबॉडी मोजली ती आयजीए जातीची. काही माणसांत जन्मतःच ही जात फारच कमी बनते. तसं असेल तर टीटीजी-आयजीए खोटं नॉर्मल येणार, गहू खाल्ला काय नि न खाल्ला काय. सिलिॲकच्या शंभर रुग्णांत असे दोन-तीन असतात, बाकी लोकांपेक्षा पुष्कळ जास्त. हे मी फक्त पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदीच्या काळात एका मुलाचं टीटीजी नॉर्मल आलं आणि मी त्याच्या कागदावर सिलिॲकवर फुली मारली. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा उंची जवळजवळ तिथेच होती आणि पाय वाकू लागले होते. तेव्हा टोटल आयजीए केलं, ते नावापुरतंच निघालं. आतड्याचा तुकडा तपासला, लव सपाट. ती दोन वर्षं मी त्याला परत देऊ शकले नाही. तेव्हापासून टोटल आयजीए बाजूला नसलेला टीटीजीचा रिपोर्ट मी वाचत नाही. तीन वर्षांवरच्या मुलात हा आकडा दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर आयजीजी जातीची तपासणी करावी लागते, डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी. लॅबवाल्याला तेवढं सांगितलं की कळतं.

दुसरी, सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. खान्देशात मुलाच्या अंगात रक्त कमी आहे म्हटल्यावर सिकलसेल न पाहता पुढे जाऊ नये. नंदुरबार-धुळ्याच्या भिल्ल आणि पावरा घरांत तो जास्त आढळतो, पण म्हणून इतरांनी तपासायचं नाही असं नाही. सॉल्युबिलिटीची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. सोबत संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड करा. लोहाचं औषध दुधासोबत किंवा चहासोबत तर पाजत नव्हता ना, हेही आठवून पाहा. त्यानेही बरंचसं लोह वाया जातं.

तिसरी तपासणी महाग आहे. परवडली तर तीच आधी करा, असं मी म्हणेन. एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८. ही जनुकांची तपासणी आहे, त्यामुळे गहू खाण्या-न खाण्याने निकाल बदलत नाही. सिलिॲकच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत या दोन्हींपैकी एक तरी असतं. दोन्ही नसतील, तर सिलिॲक नाही असं धरून चालता येतं, आणि तुमच्या मुलीला सहा आठवडे गहू खाऊन पाहण्याची गरजच उरत नाही. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. धडधाकट माणसांतही शंभरात तीस-चाळीस जणांकडे ही जनुकं असतात, त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. या तपासणीचा उपयोग "नाही" म्हणण्यासाठी आहे, "आहे" म्हणण्यासाठी नाही.

आणखी एक सांगून ठेवते. लॅबमध्ये एखादं मोठं "फूड पॅनेल" सुचवतील, शंभर-दोनशे पदार्थांविरुद्धची आयजीजी, रंगीत तक्त्यांसह. त्यावर एक रुपया घालवू नका. त्याने सिलिॲक कळत नाही. जुनी अँटिग्लायडिन म्हणजे एजीए नावाची तपासणीही आता निदानासाठी धरत नाहीत. लॅब फक्त तीच करत असेल तर ती करू नका, पैसे वाचवा.

आता गव्हाविषयी. डॉक्टरांना सांगून, त्यांनी वजन आणि हिमोग्लोबिन पाहून हो म्हटलं की सुरू करा. दिवसातून दोन जेवणांत मिळून दोन-तीन मध्यम पोळ्या, रोज, निदान सहा आठवडे. खाडा नको. मध्यम पोळीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं, तेवढं पुरतं. पोळीच पाहिजे असं नाही. वरण-बट्टीतली बट्टी चालेल, पुरणाचा मांडा, शेवया, रव्याचा उपमा, पाव चालेल. कुरडई मात्र यात मोजू नका, ती गव्हाच्या चिकाची असली तरी त्यात ग्लुटेन किती उरलं याचा भरवसा नाही. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तांदूळ, भगर हे अर्थातच गव्हाच्या खात्यात धरायचं नाही. घरात आजी आणि आई वेगवेगळं वाढणार असतील, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करत जा. सहा आठवड्यांनी डॉक्टरांना ते पान दाखवता येईल.

या काळात तिचं पोट फुगेल, कदाचित संडासही पुन्हा पातळ होईल. दर आठवड्याला वजन करा. उलट्या थांबत नसतील, पाण्यासारखे जुलाब होत असतील, पोर मलूल पडत असेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर गहू बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ठरलेल्या तारखेआधी रक्त काढायचं का, ते ठरवतील. दोन आठवडे नीट गहू खाल्लेल्या मुलाच्या रक्तातही कधी कधी निकाल दिसतो. मूल पाच वर्षांपेक्षा लहान असेल किंवा वयात येण्याच्या ऐन भरात असेल, तर हा प्रकार आम्ही टाळतो, कारण तेव्हा वाढीला धक्का बसतो. तुमची मुलगी नऊची आहे, मधल्या शांत टप्प्यावर. आणखी दोन वर्षांनी हेच पत्र आलं असतं, तर मी इतक्या सहज गहू सुरू करा म्हणाले नसते. आणि सहा आठवड्यांत आतड्याला काही इजा झालीच, तरी गहू पुन्हा थांबवल्यावर मुलांची आतडी चांगली भरून येतात.

रिपोर्ट आल्यावर नुसत्या आकड्याकडे पाहू नका. प्रत्येक लॅबच्या किटची मर्यादा वेगळी असते, कोणाची २०, कोणाची १०, कोणाची ७. आपला आकडा त्या मर्यादेच्या किती पट आहे, ते पाहायचं. दहा पट किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टर रक्ताचा दुसरा नमुना घेऊन ईएमए नावाची आणखी एक अँटिबॉडी तपासतील. तीही पॉझिटिव्ह आली, तर युरोपच्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांमध्ये आतड्याचा तुकडा न काढताही निदान करता येतं. आपल्याकडे सगळीकडे किटची प्रत सारखी नसते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तरीही तुकडा तपासू म्हटलं तर मी त्यांच्या बाजूने आहे.

आकडा वाढलेला पण दहा पटीच्या आत असेल, तर एण्डोस्कोपी लागेलच. तोंडातून बारीक दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेतात, डॉक्टरांना विचारून ठेवा की निदान चार-पाच घेणार ना. आजार आतड्यात ठिपक्याठिपक्यांनी असतो, एकाच तुकड्यात तो निसटू शकतो. मुलाला गुंगीचं औषध देऊन करतात, चिरफाड काही नाही. खर्चाची चिंता असेल तर आधी धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात विचारा, मुलांची दुर्बीण तपासणी तिथे होते की नाशिकला पाठवतात. आणि ताई, हे अधोरेखित करून ठेवा: रक्ताचा रिपोर्ट हातात आला म्हणून लगेच गहू बंद करायचा नाही. दुर्बीण होईपर्यंत पोळी चालूच. इथेही तीच चूक अनेक घरांत होते, निकाल पॉझिटिव्ह म्हणून त्या रात्रीच गहू थांबतो, दुर्बिणीची तारीख दोन महिन्यांनी मिळते, आणि तोवर आतडं भरून येऊ लागतं.

सहा-आठ आठवडे नेमाने गहू खाऊनही टीटीजी नॉर्मल आलं आणि टोटल आयजीए चांगलं असलं, तर सिलिॲक असण्याची शक्यता फारच कमी. मग तिच्या पोटात गव्हाव्यतिरिक्त काय चाललंय ते शोधायचं, जियार्डियासारखे जंतू, आतड्याचा क्षय, इतर काही. वजन-उंचीचा प्रश्न तेव्हाही तसाच उभा असेल, म्हणून नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी बसू नका.

कानबाईचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं तुमच्या मनात ते सर्वांत वर आहे. आत्ता आषाढ चालू आहे. या आठवड्यात गहू सुरू केलात, तर नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल तेव्हा पोर गव्हाच्या काळातच असेल. सव्वाच्या मापाने मोजलेल्या गव्हाचा रोट या वर्षी तिला पोटभर खाऊ द्या. सासूबाईंच्या हातूनच खाऊ द्या. या श्रावणात त्यांची श्रद्धा आणि माझी तपासणी एकच गोष्ट मागत आहेत, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

निदान पक्कं झालंच, तर पुढच्या वर्षीचा प्रश्न येईल. तेव्हा "एक घास" हे उत्तर नसेल. पण मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आजीनेच निर्णय घेतला. देवीचा नैवेद्य रीतसर झाला, भाऊबंद जेवले, आणि नातीने रोटाला हात लावून नमस्कार केला आणि वेगळ्या तव्यावरची भाकरी खाल्ली. कानबाई लेकराबाळांच्या सुखासाठी घरात आणायची, असं माझी आईही म्हणायची. सासूबाईंना आज काही पटवू नका. निदान कागदावर येऊ द्या, मग त्यांना दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आतड्याच्या तुकड्याचं छायाचित्र दाखवलं की आज्यांना फार लवकर कळतं, हा माझा अनुभव आहे. आणि खान्देशात राहून गहू सोडणं पंजाबात राहून सोडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. कळण्याची भाकरी, भरीत, फुनके, ज्वारीचे बिबडे, यात गहू कुठे आहे? तेव्हा जपायचं ते गिरणीला, जिथे गव्हामागून ज्वारी दळली जाते, आणि बाजारच्या हिंगाला, ज्यात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ते सगळं तेव्हा बोलू.

धाकट्याचं विचारलंत. बहिणीचं निदान झालं, तर त्याचं, तुमचं आणि मिस्टरांचंही रक्त तपासायचं, त्रास असो वा नसो. सख्ख्या नात्यात साधारण दहा-बारा जणांत एकाला हा आजार निघतो, आणि पुष्कळदा त्याला स्वतःला काहीच जाणवत नसतं. तोवर त्याची घाई नाही. फक्त ताईसाठी घरात भाकऱ्या वाढल्या म्हणून त्याच्या ताटातली पोळी कमी करू नका. त्याचं रक्त तो पोळी खात असतानाच घ्यायचं आहे.